पानावर आडवा हात

"माझ्या हाताला पीठ आहे ना, म्हणून होत नसेल," असं म्हणत आत्यानं बोट पदराला पुसलं आणि पुन्हा स्क्रीनवर टेकवलं. दिवाळीला नऊ दिवस होते. चरईतल्या तिच्या स्वयंपाकघरात भाजणीचा खरपूस वास कोंदला होता, कढईत चकल्यांचा घाणा तडतडत होता, आणि ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून उभ्या केलेल्या जुन्या टॅबवर मी महिनाभर रात्री जागून केलेलं पान उघडं होतं. एकाखाली एक चार कप्पे: घेतल्या, चालू, डब्यात, गेल्या. आत्याच्या फराळाच्या ऑर्डरींची कार्डं उचलायची आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात टाकायची, एवढंच. 'चकली २ किलो, कडबोळी १ किलो, शनिवारी संध्याकाळी' हे कार्ड तिला 'चालू'मध्ये न्यायचं होतं. तिनं बोट ठेवून खाली ओढलं, तर कार्ड जागच्या जागी आणि वर एक गोल चक्र फिरून अख्खं पान नव्यानं उघडलं. तिनं जोर लावून दाबून धरलं, तर 'चकली' हा शब्द निळा झाला आणि कॉपी करायचं का, असं विचारायला लागला. तिसऱ्या खेपेला ती पिठाबद्दल बोलली.

मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. मी ते सगळं लॅपटॉपवर, माऊसनं तपासलं होतं. क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, अगदी ऑफिसातल्या एका मॅकवर सफारीतही. बोटानं तपासलंच नव्हतं. ब्राउझरमध्ये ओढून टाकण्याची जी तयार सोय असते, ती माऊसच्या जमान्यातली. अँड्रॉइडवर तिनं कित्येक वर्षं बोटाला दादच दिली नाही, आणि आत्याच्या टॅबवरचा ब्राउझर तर अपडेट घ्यायचं सोडून दिलेला. हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं, आणि तोंडातून आलं ते असं, "अगं, नेट स्लो असेल तुझं."

नेटचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

ठाण्याला नऊ नंबरवरून वाशी गाडी पकडली. रविवार, तरी चौथ्या सीटसाठी "जरा सरका ना" चालूच होतं. मांडीवर आत्यानं दिलेली चकल्यांची पिशवी, अजून कोमट. हल्ली ऐरोलीच्या आधी दिघा गाव लागतं, तेवढी दोन मिनिटं जास्त मिळतात विचार करायला, आणि मला ती नको होती. पीठ लागलंय म्हणून होत नसेल. चाळीस वर्षं जिच्या बोटांनी करंजीची मुरड घातली, एका सोऱ्यातून तीन वेढ्यांची एकसारखी चकली पाडली, ती बाई माझ्या चुकीसाठी आपल्या बोटांवर संशय घेत होती. आणि मी तो संशय दूर करायचा म्हणून काय केलं, तर तो राउटरवर ढकलला.

खरं तर तिची आधीची पद्धत माझ्या पानापेक्षा बरी होती. फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीनं पाडलेले चार भाग आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या. चिठ्ठी पकडायला लोहचुंबकाचे गणपती, आंबे आणि गॅस एजन्सीचा नंबर. ऑर्डर पुढे गेली की चिठ्ठी पुढे. दार उघडताना कधी एखादी खाली पडायची, पायाखाली यायची, तेवढाच काय तो दोष. मीच उत्साहानं म्हटलं होतं, अगं हे मी तुला मोबाइलवर करून देते, बाजारात उभी असलीस तरी दिसेल. ओढून टाकणं हे आपल्या कामातलं रोजचं, सोपं. असं मला वाटायचं म्हणण्यापेक्षा, असं वाटण्याइतकी मी विसरले होते.

कारण माझी पहिली नोकरी याच गोष्टीनं खाल्ली होती. २००७ साल, महापे. कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षानं जायचं, पावसाळ्यात एमआयडीसीच्या रस्त्यावरचे खड्डे चुकवताना रिक्षा अशी डोलायची की पोचेपर्यंत नाश्ता घशाशी. ऑफिसच्या एका कोपऱ्यात चार जुने पीसी ठेवलेले, प्रत्येकावर वेगळा ब्राउझर, त्या कोपऱ्याला आम्ही 'दवाखाना' म्हणायचो. तेव्हा तयार सोयीच्या भानगडीत कुणी पडत नसे. आम्ही ओढणं हातानं बांधायचो: बटण दाबलं की पकड, माऊस हलला की कार्ड त्याच्यामागे हलव, बटण सुटलं की सोड. ऐकायला तीन ओळींचं काम. पण हलण्याचा संदेश कार्डावर ऐकत बसलात, तर हात जरा वेगानं गेला की माऊस कार्डाच्या बाहेर निसटायचा आणि कार्ड वाटेत उभं. म्हणून तो संदेश अख्ख्या पानावर ऐकायचा. डावं बटण म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये एक, बाकीच्यांकडे शून्य. बटण दाबलं, माऊस हलला, अशा प्रत्येक गोष्टीला आम्ही 'घटना' म्हणतो; बाकीचे ब्राउझर घटनेची माहिती हातात आणून देत, एक्स्प्लोररमध्ये ती खिडकीवर टांगलेली असे, आपण जाऊन घ्यायची. ओढता ओढता पानावरचा मजकूर निवडला जाऊन निळा व्हायचा, तो थांबवायची युक्ती प्रत्येकाची निराळी. कार्डात चित्र असलं की ब्राउझर म्हणे, चित्र मी ओढतो, तू बाजूला हो.

आणि वेताळ. बटण दाबून कार्ड ओढत ओढत हात ब्राउझरच्या खिडकीबाहेर गेला आणि तिकडेच बटण सुटलं, तर सुटल्याची खबर पानाला लागतच नसे. परत आत यावं तर बटण मोकळं, तरी कार्ड माऊसला चिकटलेलं. झटकावं तरी उतरत नाही. आम्ही त्याला वेताळ म्हणायचो. एकदा ग्राहकासमोर दाखवताना तो साहेबांच्याच खांद्यावर बसला. साहेब दोन मिनिटं माऊस गोल गोल फिरवत होते आणि खोलीत कुणी काही बोलत नव्हतं. तेव्हाही साहेब म्हणाले होते, "आय थिंक माऊस खराब आहे." म्हणजे ही आमच्या धंद्यातली जुनीच रीत.

तयार सोय मग मागाहून सगळ्या ब्राउझरांत आली. मायक्रोसॉफ्टनं ती १९९९ च्या आसपास, इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये, आपल्या पद्धतीनं घातली होती. पुढे एचटीएमएल ५, म्हणजे वेबपानांच्या भाषेचे नवे नियम, लिहिणाऱ्यांनी नवीन काही मांडण्यापेक्षा आहे तेच उलगडून, बघून, नियमात बसवलं. जुन्या वाड्याचा नकाशा वाडा बांधून झाल्यावर काढावा तसं. त्यामुळे जिना जिथे अवघड होता तिथे नकाशातही अवघडच राहिला. त्यातली एक गोष्ट मला आजही नव्या मुलांना समजावताना पंगतीचा आधार घ्यावा लागतो.

लहानपणी आमच्याकडच्या लग्नाला पंगती बसत तेव्हा आत्या जिलबी वाढायला असायची. कमरेला पदर खोचलेला, हातात परात. पाहुण्याला नको असलं तर तो बोलत नाही, फक्त पानावर आडवा हात धरतो. वाढपी समजतो आणि पुढे जातो. आता ब्राउझरमधली गंमत अशी, की पानावरची प्रत्येक जागा जन्मतःच आडवा हात धरून बसलेली असते. तुम्ही कार्ड घेऊन तिच्यावर आलात की ती म्हणते, नको. तिथे कार्ड पडावं असं वाटत असेल, तर 'हो' म्हणायची काही सोयच नाही. तिचं 'नको' तेवढं रद्द करता येतं. 'ड्रॅगओव्हर' नावाच्या घटनेत 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' म्हणायचं, म्हणजे तुझी जी मूळची सवय आहे ती आवर. आणि हे एकदा म्हणून भागत नाही. कार्ड वर तरंगतंय तोवर ती घटना पुन्हा पुन्हा घडते, नियमात ३५० मिलिसेकंदांच्या आसपास लिहिलंय, ब्राउझर बहुधा त्याहून घाई करतात. प्रत्येक वेळी हात पुन्हा आडवा, प्रत्येक वेळी तो उचलायचा. एका खेपेला विसरलात आणि नेमकं त्याच वेळी बोट सुटलं, तर जिलबी परातीत परत. आत्या मात्र पाहुण्याचं मनगट धरून हात बाजूला करायची आणि दोन वेढे जास्तच वाढायची. त्याला आग्रह म्हणतात. आम्ही त्याला वर्कअराउंड म्हणतो.

बाकी तऱ्हाही होत्याच, त्या फार उगाळत नाही. फायरफॉक्सला रिकाम्या हातानं निघणं वर्षानुवर्षं मान्य नव्हतं: उचलताना काहीतरी माहिती सोबत बांधून दिली तरच ओढणं सुरू व्हायचं, भले ती माहिती कुणी उघडून बघणार नसो. (आत्याचाही हाच नियम, कुणाकडे जाताना निदान दोन केळी.) एक्स्प्लोररला बांधून द्यायचं तर 'टेक्स्ट' किंवा 'यूआरएल' एवढीच दोन नावं चालत, बाकी जग 'टेक्स्ट स्लॅश प्लेन' म्हणतं तसं लिहिलंत की एरर. ओढत असताना कार्ड नेमकं कुठे आहे असं फायरफॉक्सला विचारलं की बराच काळ उत्तर एकच यायचं, शून्य, शून्य. कप्प्याच्या आत दुसरा चौकोन असला आणि कार्ड त्याच्यावर गेलं, की कप्प्याला वाटतं हे घर सोडून गेलं. बैठकीतून स्वयंपाकघरात गेलेल्या माणसाला गावाला गेला समजावं तसं. मग आम्ही उंबरठ्यावर मोजणी लावायची, आत आला अधिक एक, बाहेर गेला उणे एक, शून्य झालं तरच खरा गेला. एकच अट मला मनापासून पटते. ओढताना सोबत कुठल्या प्रकारची माहिती आहे एवढंच वाटेतल्यांना कळतं, आत काय आहे ते टाकल्यावरच उघडतं. डबा दिसतो, झाकण पोचल्यावर. वाटेवरच्या कुणीही डोकावू नये म्हणून.

त्या रविवारी रात्री ऐरोलीला घरी पोचून मी चकल्या डब्यात भरल्या आणि तयार सोयीचा सगळा कोड पुसला. महाप्यात शिकले होते तेच पुन्हा, हातानं. फरक इतकाच की आता माऊस, बोट, पेन असं वेगवेगळं ऐकत बसायला लागत नाही. 'पॉइंटर इव्हेंट्स' म्हणून एकच पद्धत आहे. तीही मूळची मायक्रोसॉफ्टचीच, २०१२ च्या एक्स्प्लोरर १० मधली. क्रोमनं ती २०१६ त घेतली, फायरफॉक्सनं २०१८ त, सफारीनं २०१९ मध्ये. ज्या एक्स्प्लोररला आम्ही दवाखान्यात बसून शिव्या घातल्या, त्याच्याच घरातली ही दोन्ही अवजारं. १५ जून २०२२ ला तो निवृत्त झाला तेव्हा ऑफिसात कुणीतरी पेढे आणले होते. मीही खाल्ला. आता जरा वाईट वाटतं.

पकड, हलव, सोड. पकडल्यावर त्या पॉइंटरला आपल्याच नावावर बांधून घेता येतं, म्हणजे बोट कुठेही गेलं तरी सुटल्याची खबर आपल्यालाच. वेताळ त्या एका ओळीत उतरला. माझा फोन आत्याच्या टॅबपेक्षा नवा, म्हणून शेजारच्या मुलाचा एक तडा गेलेला जुना फोन मागून आणला, केबलनं लॅपटॉपला जोडला आणि बोट ठेवून ओढलं. लॅपटॉपवर एकेक घटना उमटत गेली. डाऊन. मूव्ह. मूव्ह. मूव्ह. कॅन्सल. पुन्हा केलं. डाऊन. मूव्ह. मूव्ह. कॅन्सल. बोट अजून काचेवर आहे, हलतंय, आणि माझं पान म्हणतंय रद्द. रात्रीचे साडेबारा. कारण कळायला फार वेळ लागला नाही: दोन-तीन हालचाली बघून ब्राउझर ठरवतो, की या माणसाला पान सरकवायचंय, आणि बोट आपल्या ताब्यात घेतो. तुम्हाला फक्त कळवतो. त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, की इथे बोट पडलं तर तू मध्ये पडू नकोस. 'टच-ॲक्शन: नन'. आणि 'आधीच' म्हणजे खरंच आधी. बोट टेकल्यावर सांगायला गेलात तर उशीर झालेला असतो.

ते कार्डाला सांगितलं, ओढणं चाललं, आणि पान सरकेनासं झालं. पानभर कार्डंच, बोट कुठेही ठेवलं तरी ते कार्डावरच पडणार. म्हणजे आता कार्ड उचलता येत होतं, पण खालची ऑर्डर बघता येत नव्हती. शेवटी प्रत्येक कार्डाच्या डाव्या कडेला एक मूठ दिली, सहा ठिपक्यांची, आणि ब्राउझरला तेवढीच जागा सोडायला सांगितली. मग दुसरं संकट. बोटाखाली कुठला कप्पा आहे असं ब्राउझरला विचारलं, तर तो म्हणे, कार्ड. अर्थात कार्डच, तेच तर हातात आहे. काखेत कळसा! उचललेल्या कार्डाला तेवढ्यापुरतं 'तू तिथे नाहीसच' असं बजावलं तेव्हा खालचा कप्पा दिसला. 'गेल्या' हा शेवटचा कप्पा पडद्याच्या खाली राहत होता, म्हणून बोट कडेशी आलं की पान आपसूक वर सरकावं अशी सोय केली, तर पान सरकलं की कार्ड बोटापासून वीतभर लांब. किती सरकलं ते मोजून दर वेळी मिळवायचं राहिलं होतं. अडीच वाजता कार्ड बोटाखाली राहिलं. चकल्या संपल्या होत्या.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटून ठाण्याला गेले. जांभळी नाक्यापासून चरईपर्यंत कंदील, पणत्या, रांगोळीच्या रंगांचे ढीग, माणसांची अशी दाटी की आपण चालत नाही, सरकवले जातो. आत्या अनारशांच्या पिठावर झाकण ठेवत होती. नवं पान बघून ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "हे ठिपके कसले? रांगोळी अर्धी का सोडलीस?" मी सांगितलं, इथे धरायचं. तिनं धरलं. कार्ड उचललं गेलं, जरासं मोठं झालं, सावली पडली, आणि ती आपण डोसा उलटताना धरतो तसा श्वास धरून ते 'चालू'पर्यंत घेऊन गेली. पडलं. "बाई!" म्हणाली. मग दुसरं कार्ड, तिसरं. चौथ्याला तिनं मदतीला आलेल्या बाईंना बोलावून दाखवलं.

त्याच कार्डांवर उजवीकडे मी एक साधं बटणही ठेवलं होतं, 'पुढे'. एकदा टेकवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, ओढाओढी नाही. ते मला सुचलेलं नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे नियम आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत हे घातलंय, की जे ओढून होतं ते नुसत्या टेकवण्यानंही झालं पाहिजे. हात थरथरणारी माणसं असतात, बोट वाकत नाही अशीही असतात. मी ते वाचलं होतं, ऑफिसातल्या एका कामात नाइलाजानं केलंही होतं, आणि आत्यासाठी करावंसं मात्र सुचलं नव्हतं. तासाभरानं बघते तर ती ठिपक्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हती. एका हातात झारा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून, म्हणजे जिथे पीठ नाही त्या जागेनं, ती बटणावर टकटक करत होती. माझी रविवारची रात्र त्या सहा ठिपक्यांत गेली होती आणि बटणाला लागली होती दहा मिनिटं. थोडं लागलं मला ते. लपवत नाही.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी नेट नव्हतं बिघडलं. मीच नीट केलं नव्हतं."

ती घाणा बघत होती. "कधी गं?"

"रविवारी. तू पीठ म्हणालीस तेव्हा. माझीच चूक होती ती."

ती गप्प झाली, आणि मला वाटलं आता 'असू दे गं' येईल. झाऱ्यानं कडेच्या दोन चकल्या उलटल्या आणि म्हणाली, "म्हणजे त्या पोराला मी उगाच झापलं की." कुठल्या पोराला? तर नेटवाल्या. रविवारी मी गेल्यावर तिनं त्याला फोन करून बोलावलं होतं. लिफ्ट बंद होती. तो चार मजले चढून आला, वायर बदलली, राउटर बंद-चालू केला, आता बघा काकू म्हणाला, तरी कार्ड हलेना, तेव्हा तिनं त्याला दर महिन्याचे पैसे मात्र वेळेवर न्यायला येतोस, असं सुनावलं. तो काही बोलला नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन नवा राउटर लावून गेला.

आत्यानं हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि टॅब पुढ्यात घेतला. नवं कार्ड उघडलं. एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नेटवाला मुलगा, चकली अर्धा किलो, पैसे नाहीत'. मग या वेळी ठिपक्यांवर बोट ठेवून तिनं ते कार्ड उचललं आणि 'चालू' ओलांडून, 'डब्यात' ओलांडून, पान आपसूक वर सरकेपर्यंत धीर धरून, थेट 'गेल्या'मध्ये नेऊन सोडलं.

"अगं, त्याच्या चकल्या अजून पाडल्यासुद्धा नाहीत," मी म्हटलं.

"पाडते ना," ती म्हणाली, आणि सोऱ्यात पीठ भरायला लागली.